फक्की मारण्याआधी

बुलढाणा जिल्ह्यात तळी, बांध, चर, गायरान, झाडं यांची कामं गेल्या दहा-बारा वर्षांत पुष्कळ झाली. पैसा आला, यंत्रं आली, एकामागून एक योजना आल्या. गावाला मात्र बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी बोलावलं गेलं. अंदाजपत्रक तयार, तांत्रिक मान्यता हातात, जेसीबी फाट्यावर उभा आणि मग ग्रामसभा. अशा सभेत लोक सह्या करतात. ठरवण्यासारखं त्यांच्या हाती काही उरलेलं नसतं. जमिनीवर चुन्याची फक्की मारण्याआधी जे बोललं जातं, त्यालाच लोकसहभाग म्हणायचं, असं माझं पक्कं मत झालं आहे. गावांचे आराखडे करणाऱ्यांसोबत या जिल्ह्यात बरीच वर्षं हिंडताना जे कळलं, ते इथे मांडतो.

१. घाटावरचा आराखडा घाटाखाली नेऊ नये

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्यात माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ही घाटावरची बाजू. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. वर मुरमाड, उथळ जमीन आणि उतार. पाणी पडलं की पळतं. तिथे चर, दगडी बांध, पाझर तलाव यांना अर्थ आहे. खाली पूर्णेचं गाळाने भरलेलं खोरं. काळी माती इतकी खोल आणि चिकट की पाणी मुरतच नाही, आणि जमिनीखालचं पाणी खारं. या खारपाणपट्ट्यात पाझर तलाव बांधून विहिरी गोड होतील अशी आशा धरणं व्यर्थ आहे. तिथे पावसाचं पाणी वरच्या वर अडवून शेततळ्यात साठवायचं असतं.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ही गोष्ट नीट ओळखली गेली होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात पंधरा जिल्ह्यांतली ५,१४२ गावं होती आणि त्यांतली ९३२ गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली म्हणून वेगळी धरली होती. पण जिल्हा पातळीवर वेगळं धरलं म्हणून काम भागत नाही. एकाच गावात एक विहीर बरी आणि दुसरी खारट असते. हे प्रयोगशाळेच्या आधी गावातल्या बायकांना ठाऊक असतं. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही विहिरींची यादी करत होतो. पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या भरून झाल्या तशी एक म्हातारी पुढे आली आणि एकेका विहिरीकडे बोट दाखवत सांगू लागली, “या इहिरीच्या पान्यात डाळ शिजते. त्या इहिरीच्या पान्यात दिवसभर चूल पेटवा, डाळ टनकच राह्यते.” नकाशावर आम्ही तिच्या सांगण्याप्रमाणे खुणा केल्या. नंतर आलेले अहवाल त्या खुणांशी जुळले. त्या गावातल्या शेततळ्यांच्या जागा ठरवताना हाच नकाशा समोर ठेवला होता.

२. शिवारफेरीत गुराखी हवा, आणि एक फेरी पावसात हवी

शिवारफेरी साधारणपणे हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात निघते. सोबत सरपंच, कृषी सहायक, दोन-चार प्रगतिशील शेतकरी. नाले कोरडे, वावर मोकळं, चालायला सोपं. पण कोरड्या नाल्यात पाणी कसं वागतं ते दिसत नाही. ते पाहायचं तर आषाढात छत्री घेऊन जावं लागतं, नाहीतर ज्यांनी पावसात त्या शिवारात दिवस काढले आहेत त्यांना सोबत न्यावं लागतं. गुराखी, मेंढपाळ, सालदार, सरपण वेचणाऱ्या बाया. यांच्या नावावर गुंठाभर जमीन नसते, पण शिवार त्यांच्या पायाखालचं असतं.

चिखलीकडच्या एका गावात सिमेंट नाला बांधाची जागा कागदावर ठरली होती. नाला तिथे अरुंद होता, म्हणजे बांध आखूड, खर्च कमी. बरोबर आलेल्या गुराख्याला ती जागा पटली नाही. तो म्हणाला, “साहेब, इथं पानी बसत नाई, धावते. बसते ते खाली, त्या बाभळीपाशी. तिथं माह्या ढोरायले पानी भेटते.” आम्ही नाल्यात उतरून पाहिलं. अरुंद जागेच्या एका काठाला मुरूम भुसभुशीत होता. बांध घातला असता तर पहिल्याच मोठ्या पुरात पाण्याने काठ फोडून बाजूने वाट काढली असती. बाभळीपाशी दोन्ही काठांना कठीण खडक होता. अभियंता समजूतदार होता. त्याने तिथेच वहीत जागा बदलली.

आराखड्याला गुराख्याची सही लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण फेरीत कोण होतं त्याची यादी लिहिताना त्याचं नाव पदाधिकाऱ्यांच्या बरोबरीने लिहावं.

३. महिला सभा बायकांच्या वेळेला

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदावर उरकली जाते याचं मुख्य कारण वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली तर कोण येणार? मजुरी बुडवून कुणी येत नाही. दुपारच्या सुट्टीत वावराच्या धुऱ्यावर किंवा रात्री जेवणं उरकल्यावर एखाद्या ओट्यावर बसलं, की बाया बोलतात. कोणत्या महिन्यात कोणता हापसा आटतो, शौचाला कुठे जावं लागतं, तळ्याच्या कोणत्या काठाला धुणं धुता येतं, हे सगळं त्या सांगतात. यातली एकही गोष्ट पुरुषांच्या सभेत कधी निघालेली मी ऐकली नाही.

आणि सभेची वही एखाद्या बाईनेच लिहावी. गावात दहावी-बारावी शिकलेल्या सुना आहेत.

४. रस्त्याला मुरूम, शेताला गाळ, गावाला तळं

या जिल्ह्याचं नाव एका प्रयोगामुळे देशभर गेलं. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावाला लागणारी माती डोंगर फोडून आणण्याऐवजी तळी, नाले, पाझर तलाव खोल करून घ्यायची. कंत्राटदाराला भराव मिळतो, गावाला खोदाईचा पैसा न घालता पाणीसाठा मिळतो. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी याचा ठिकठिकाणी पुरस्कार केला आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ हे नाव रूढ झालं. त्याच सुमारास, २०१८ मध्ये, भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम् सुफलाम्’ अभियानात शंभराहून जास्त जेसीबी आणि पोकलेन या एका जिल्ह्यात उतरवले. यंत्रं संघटनेची, डिझेलचा खर्च शासनाचा. मला हा प्रयोग मनापासून आवडतो. पैशाची इतकी सरळ बचत सरकारी कामात क्वचित दिसते. म्हणूनच त्यातलं गावाचं स्थान नीट ठरवलं पाहिजे.

कंत्राटदार ‘लीड’ बघतो. म्हणजे खोदाईपासून भरावापर्यंतचं अंतर. जितकं कमी, तितकं डिझेल कमी. त्याचा यात काही दोष नाही. गाव बघतं की पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं. रस्त्यालगतचा खड्डा कंत्राटदाराच्या सोयीचा असतो, पण त्याला पाणलोटच नसेल तर पावसाळ्यानंतर तिथे चार दिवस डबकं आणि पुढे कोरडी खाण. या दोन गरजा एका नकाशावर एकत्र ठेवल्या की मधली जागा सापडते. त्यासाठी गावाने आपल्या तळ्यांची यादी कंत्राटदार येण्याआधी करून ठेवायला हवी, प्राधान्यक्रम लावून. यादी हातात असलेल्या गावाशी बोलणं कंत्राटदारालाही सोपं जातं.

दुसरी गोष्ट क्रमाची. महामार्गाच्या भरावाला मुरूम लागतो, काळी माती चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि वरचा रस्ता तडकतो. शेतकऱ्याला नेमका तोच काळा गाळ हवा असतो. तळ्यात वर गाळ आणि खाली मुरूम, म्हणजे निसर्गानेच वाटणी करून ठेवली आहे. फक्त गाळ आधी निघायला हवा. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर चैत्रात लागले आणि मग पोकलेन मुरमाला लागला, तर दोघांचं भलं होतं. उलटं झालं तर गाळ काठावर ढिगाने पडतो आणि पहिल्याच पावसात परत तळ्यात येतो.

गाळ कुणी न्यायचा, हाही वादाचा विषय आहे. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली तेव्हा गाळ फुकट, पण वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चाने होती. साहजिकच ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याच्या वावरात गाळ. २०२३ मध्ये अल्प आणि अत्यल्प भूधारकांना अनुदान द्यायची तरतूद आली, एकरी पंधरा हजार रुपयांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत. ही माहिती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी आणि गाळ मागणाऱ्यांची यादी तिथेच करावी, लहान शेतकऱ्यापासून सुरुवात करून. नंतर चावडीवर यादी लावली की मोठा शेतकरीसुद्धा कुरकुर करत नाही, कारण क्रम सगळ्यांसमोर लागलेला असतो.

तिसरी गोष्ट, आणि हिच्यावर मी कधीही तडजोड करणार नाही: काठाचा ढाळ. यंत्राने सरळ उभे काठ कापणं झटपट होतं. अशा उभ्या काठाच्या पाण्यात पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात राज्यात कुठून ना कुठून येतात. जनावर आत घसरलं तर वर येत नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्यावं: काठ ढाळाचे, एका बाजूला गुरांना उतरायला रपटा, पाळीच्या पायथ्याशी खोदाई नाही, सांडव्याची पातळी आहे तीच राहील, पिण्याच्या विहिरीपासून सुरक्षित अंतर. कंत्राटदाराचा माणूस त्या सभेला हजर असावा आणि त्याने ठरावाची प्रत घेऊन जावी.

सिंदखेड राजाला कधी गेलात तर लखुजीराव जाधवांच्या काळातला मोती तलाव जरूर पाहा. दगडी पाळ, पाणी सोडायची सोय, उतरायला जागा. तळं आणि माणूस यांचा संबंध तो बांधणाऱ्याच्या डोक्यात पक्का होता.

५. ‘रिकामी’ जमीन रिकामी नसते

आमच्याकडे गायरानाला ई-क्लास म्हणतात. झाडं लावायची म्हटलं की सगळ्यांची नजर ई-क्लासकडे जाते, कारण सातबाऱ्यावर ती सरकारची असते आणि कुणाची संमती लागत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे भूमिहीन बायांच्या बकऱ्या चरतात, धनगरांचे कळप थांबतात आणि एका कोपऱ्यात कित्येक वर्षांपासून दोन-तीन दलित किंवा पारधी कुटुंबं ज्वारी-तूर पिकवत असतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते अशाच जमिनींसाठी. तो इतिहास गायरानावर घाम गाळणाऱ्या कुटुंबांना तोंडपाठ आहे. तिथे अचानक खड्डे खणायला मजूर उतरले की त्यांना ते झाड दिसत नाही, बेदखली दिसते. मग रात्रीतून रोपं उपटली जातात आणि अहवालात ‘लोकांना पर्यावरणाची आस्था नाही’ असं लिहिलं जातं. असं वाक्य वाचलं की मला फार वाईट वाटतं.

आधी त्या कुटुंबांच्या घरी जावं. कोण किती जमीन करतं, कुणाच्या किती बकऱ्या, हे लिहावं. त्यांची पट्टी सोडून आखणी करावी. चराईबंदी पूर्ण गायरानावर एकदम लावू नये. तुकडे पाडून आलटून पालटून बंद ठेवावं आणि बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क बकरीवाल्यांना द्यावा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची कुऱ्हाडबंदी-चराईबंदी सगळ्यांना माहीत आहे. तिथे ती टिकली याचं कारण, गवत वाढल्यावर ते कुणाला मिळणार याचं उत्तर गावाजवळ होतं.

आणि झाडं कोणती लावायची, हे रोपवाटिकेत काय शिल्लक आहे त्यावरून ठरू नये. राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली तेव्हा अनेक गावांत ट्रकने जी रोपं आली ती लागली. लोकांना विचारलं तर ते बोर, बाभूळ, निंब, मोह, आंजन सांगतात. आंजन या भागातलं मूळचं झाड. दुष्काळात त्याचा पाला जनावरांना घालता येतो, म्हणून लोक ते तोडत नाहीत, छाटतात. ज्या झाडापासून शेजारच्या घराला काही मिळतं त्याला पाणी घालायला माणूस शोधावा लागत नाही. आणि मोजायचंच तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत किती, हे मोजावं.

६. श्रमदान मागावं, पण कुणाकडे ते पाहून

पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत २०१८ साली राज्यातले ७५ तालुके होते. ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाळा. त्या वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं आणि दुसरा क्रमांक भांडवली या गावाच्या बरोबरीने मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडला मिळाला. मे महिन्यातलं मोताळ्याचं ऊन ज्याने अंगावर घेतलं आहे त्याला या बक्षिसाची किंमत कळेल.

या स्पर्धेतली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती तिची आधीची तयारी. काम सुरू होण्याआधी निवडक गावकऱ्यांचं प्रशिक्षण झालं. दोन काठ्यांना बांधलेली पाण्याची नळी घेऊन समपातळीची रेघ कशी काढायची, हे शेतकऱ्यांनी, बायांनी, कॉलेजच्या पोरांनी शिकून घेतलं. दोघं जण काठ्या धरून उभे, तिसरा दोन्हीकडच्या पाण्याची पातळी जुळली की हाक देतो, चौथा तिथे फक्की टाकतो. सरळ वाटणारा डोंगर कसा वळतो ते त्या पांढऱ्या रेघेने दिसतं. एकदा ही रेघ स्वतःच्या हाताने काढली, की चर कुठे आणि का खोदायचा यावर त्या माणसाला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढे कुणी चर चुकीच्या ठिकाणी घ्यायला लागला तर तोच अडवतो.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. माथ्यावर चर खोदले की पाणी पायथ्याच्या विहिरींना लागतं. विहिरी जमीनवाल्यांच्या. मग ज्याच्याकडे जमीनच नाही अशा मजुराने फुकट घाम का गाळावा? सगळं गाव एक, ही भावना सुंदर आहे, पण तिचा भार हातावर पोट असणाऱ्यावर टाकू नये. माथ्यावरची कामं रोजगार हमीतून घ्यावीत, मजुरी वेळेवर मिळेल असं पाहावं आणि श्रमदान विहीरवाल्यांकडून घ्यावं. तळ्यातल्या मासेमारीत भोई कुटुंबांचा हक्क आधी लिहावा. पाळीवरचं गवत भूमिहीन बायांच्या गटाला द्यावं. असं केलेल्या गावात मजूरवस्तीची माणसं आपणहून कामावर येताना मी पाहिली आहेत.

७. गावाचं पंचांग आणि गावाचे देव

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत ऐकायला दुरून शेतकरी येतात. भाकितावर कुणाचा विश्वास असो वा नसो, त्या दिवसांत गावोगावी बोलणं पावसाचंच असतं. पाण्याच्या आराखड्याची सभा तेव्हा घेतली तर लोक तयारीने येतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घेतली तर कुणी फिरकत नाही.

तसंच, फक्की मारण्याआधी साती आसरांचे दगड कुठे आहेत, मसणवटा कुठे आहे, पीर कुठे आहे, हे विचारून घ्यावं. लोणारचं विवर २००० साली अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेलं; पण त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून लोक विवराच्या तळाशी कमळजा देवीला उतरत आले आहेत आणि झऱ्याच्या धारेवर नाहत आले आहेत. तिथली वेडी बाभूळ काढायची, सांडपाणी अडवायचं, पर्यटकांची वाट आखायची, तर त्या वाटेने देवीला जाणाऱ्या माणसांशी बोलणं आलंच. देवाच्या जागेचा मान राखला की बाकीच्या गोष्टींत गाव पुष्कळ सोसतं.

८. पाण्याचा हिशेब भिंतीवर

अटल भूजल योजनेत बुलढाणा होता. तिच्यात प्रत्येक गावाने जलसुरक्षा आराखडा करायचा होता आणि पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांना किती लागणार. हा ताळेबंद संगणकात राहिला तर निरुपयोगी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला, की चौकात उभा असलेला माणूस वाचतो आणि वाद घालतो. तो वाद व्हायलाच हवा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमधलं भाजीपाला बीजोत्पादन जोरात आहे. त्यातून घरं उभी राहिली, पोरं शिकली. पण शेडनेटला उन्हाळ्यात पाणी लागतं. तळं झालं म्हणून आणखी शेडनेट, आणखी बोअर, असं होत गेलं तर तळ्याचा फायदा दोन वर्षांत संपतो. हे बाहेरच्या माणसाने सांगितलं तर राग येतो. गावातल्याच दोघांनी निरीक्षण विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून फळ्यावर लिहिली, तर आकडा सगळ्यांचा होतो.

९. सांडवा कोण सांभाळणार, ते नावानिशी

खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेकडो वर्षं पाणी वाटलं गेलं. बंधारा, पाट, पाळी आणि पाटकरी, सगळं लाभधारकांचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. वापरणाऱ्यांनी नियम स्वतः केले असतील आणि मोडणाऱ्यावर लक्ष ठेवणारेही तेच असतील, तर सामाईक गोष्ट टिकते, हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं. आमच्या योजनांत बांधकामाला निधी असतो. देखभालीला तो अपुरा असतो किंवा नसतोच. म्हणून देखभालीचं आखणीच्याच सभेत ठरवून घ्यावं.

मासेमारीच्या लिलावातला ठरावीक हिस्सा तळ्याच्या खात्यात जावा. मृगाच्या आधी सांडव्यातला कचरा आणि झुडपं कोण काढणार, त्या दोघा-तिघांची नावं ठरावात असावीत. ‘गावकरी काढतील’ असं लिहिलं की कुणीच काढत नाही. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री पाळीवर कोण जाणार, तेही लिहावं. घुशींची बिळं दिसली तर लगेच मुरूम ठोकून बुजवायची. आणि पाळीवर बाभळीचं रोपटं उगवलं तर ते वीतभर असतानाच उपटायचं. मोठं झाल्यावर त्याच्या मुळांवाटे पाळ झिरपू लागते, आणि मग ते तोडलं तरी कुजणाऱ्या मुळांची भोकं आत तशीच राहतात.